वाचकांचे प्रश्न : डबा नवा आला, चित्र जुनंच

चवथ जवळ आली की माझ्या फोंड्याच्या दुकानात दोन गोष्टी घेऊन लोक येतात. एक म्हणजे माटोळीभोवती, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीभोवती सोडायच्या, गेल्या वर्षी गुंडाळून ठेवलेल्या आणि आता न पेटणाऱ्या दिव्यांच्या माळा. दुसरी म्हणजे टीव्ही. यंदा तिसरी भर पडली आहे. बगलेत सेटटॉप बॉक्स मारून लोक येतात आणि विचारतात, "हो बदलूंक जाय म्हणटात, खरें?" या महिन्याच्या टपालातही निम्मी पत्रं याच विषयाची. म्हणून यावेळी फ्रिज, मिक्सर आणि इन्व्हर्टरवाल्या वाचकांनी रागावू नये. त्यांचा नंबर पुढच्या अंकात.

टीव्हीच्या पडद्यावर रोज पट्टी येते : 'तुमचा सेटटॉप बॉक्स जुन्या तंत्रज्ञानाचा आहे, बदलून घ्या.' माझा बॉक्स बारा वर्षं विनातक्रार चालू आहे. चांगली वस्तू फेकायची कशाला? ही फसवणूक तर नाही? अमेरिकेतला माझा भाऊ सांगतो की त्यांच्याकडे अशा वेळी छपरावरची डिशसुद्धा बदलली होती.
— एक निवृत्त शिक्षक, माशेल

मास्तर, फसवणूक नाही. पण पट्टीत लिहिलंय तसा हा बदल केवळ तुमच्या भल्यासाठीही नाही. गरज त्यांची आहे, आणि ती खरी आहे.

उपग्रहावरची जागा मोजकी असते आणि भाड्याची असते. जुन्या पद्धतीत एका ट्रान्सपाँडरमधून, म्हणजे उपग्रहावरच्या एका प्रक्षेपण-यंत्रातून, सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट माहिती खाली येते. चित्र दाबून पाठवायच्या ज्या एमपेग-२ पद्धतीचा तुमचा बॉक्स आहे, तिच्यात एका साध्या चॅनेलला अडीच-तीन मेगाबिट लागतात. म्हणजे बारा ते पंधरा चॅनेल बसले की गाडी भरली. आता एचडी बघा. साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाख पंधरा हजार ठिपके. पूर्ण एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार. पाचपट! एमपेग-२ मध्ये एचडी पाठवायचं तर त्याच गाडीत जेमतेम दोन चॅनेल मावतात. असा धंदा कोण करील?

त्यावर उपाय म्हणजे एमपेग-४. ही पद्धत २००३ साली ठरली. तेच चित्र ती जवळपास निम्म्या जागेत बसवते. ते कसं, हे तुम्हाला जत्रेतल्या नाटकावरून सांगतो. मागे राजवाड्याचा पडदा एकदा सोडला की प्रवेश संपेपर्यंत तो तसाच लटकलेला असतो. हलतात ती पात्रं. चित्र दाबून पाठवणारं यंत्र हेच करतं. पडदा एकदाच पाठवायचा, मग राजा डावीकडून उजवीकडे आला, प्रधानाने हात वर केला, एवढंच कळवत राहायचं. एमपेग-२ हे काम ढोबळपणे करतं, सोळा बाय सोळा ठिपक्यांचे तुकडे उचलून. एमपेग-४ चार बाय चारपर्यंत बारीक तुकडे पाडू शकतं आणि मागच्यापुढच्या जास्त चित्रांचा आधार घेतं, म्हणून त्याला कमी बोलावं लागतं. बातम्या सांगणारी बाई साध्या चॅनेलवरही स्वच्छ दिसते आणि फुटबॉलचं मैदान शेवाळ धरल्यासारखं दिसतं, त्याचं कारणही हेच. कॅमेरा चेंडूमागे धावतो तेव्हा सगळा पडदाच हलत असतो.

याच्या जोडीला डीव्हीबी-एस२ नावाची प्रक्षेपणाची नवी पद्धत आली. लहरींच्या तेवढ्याच पट्ट्यातून ती सुमारे तीस टक्के जास्त माहिती पाठवते. हे दोन्ही तुमच्या जुन्या बॉक्समधल्या चिपला येत नाही, आणि सॉफ्टवेअर भरून शिकवताही येत नाही. सातवी पास माणसाला रातोरात ग्रॅज्युएट करता येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार.

सगळ्यांच्याच घरात जुना बॉक्स आहे असं नाही. डिश टीव्ही २००३ साली आला, दूरदर्शनची मोफत सेवा २००४ च्या डिसेंबरात, टाटा स्काय (२०२२ पासून टाटा प्ले) २००६ साली. हे तिघेही एमपेग-२ वर सुरू झाले. सन डायरेक्ट २००७ च्या अखेरीस, एअरटेल २००८ साली आणि व्हिडिओकॉन २००९ साली आले ते थेट एमपेग-४ घेऊन. पंगतीला उशिरा बसणाऱ्यांना कधीकधी गरम वाढलं जातं.

भावाचं म्हणणंही खरं आहे, पण ते तिकडचं. डायरेक्टटीव्हीने २००५ पासून एमपेग-४ मधलं एचडी नव्या उपग्रहांवरून, का-बँड नावाच्या वेगळ्या लहरींवर द्यायला सुरुवात केली. जुनी कू-बँडची डिश त्या लहरी धरत नाही, म्हणून तिकडे डिशही नवी लागली. आपल्याकडे घरगुती सेवा कू-बँडवरच आहे. कंपनी तीच राहिली तर तुमची डिश गंजून चाळण झाल्याशिवाय बदलायची गरज नाही. बॉक्सबरोबर "डिश आनी वायर पूण नवी लागतली" म्हणून कोणी हजार-दीड हजार मागितले, तर आधी जुनी काय बिघडली ते दाखव म्हणावं.

आणि पैशाचं. गरज त्यांची असेल तर बॉक्सचे पैसे तुम्ही का द्यावेत, हे कस्टमर केअरला स्पष्ट विचारा. विचारणाऱ्याला बॉक्स फुकट आणि न विचारणाऱ्याला पैसे भरून, असं एकाच वाड्यावरच्या दोन घरांत झालेलं मी पाहिलं आहे. फोन तुम्ही करायचा, बिलावर किंवा बॉक्सवर छापलेल्या नंबरवर. "बॉक्स अपग्रेड करतो, ओटीपी सांगा" म्हणून जो स्वतःहून फोन करतो, त्याला काही सांगू नका. जुना बॉक्स तुमचा विकतचा की भाड्याचा, हेही त्याच फोनवर विचारून घ्या, म्हणजे न्यायला आलेल्या माणसाशी दारात वाद नको.

एचडी बॉक्स बसवून दोन महिने झाले. चित्रात काडीचा फरक नाही. उलट मालिकांतल्या सगळ्या बायका आता जाड दिसतात. मुलगा म्हणतो, टीव्ही बदलूया.
— एक गृहिणी, म्हापसा

टीव्ही बदलू नका, बाई. मुलाला सांगा, आधी टीव्हीच्या मागे वाकून बघ.

बॉक्सपासून टीव्हीपर्यंत कुठली वायर गेली आहे? पिवळी-लाल-पांढरी अशी तीन टोकांची असेल तर प्रश्न तिथेच संपला. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. बॉक्स बिचारा एचडी चित्र पुन्हा साधं करून पाठवतो. एचडीएमआयची, दोन्हीकडे एकच चपटं टोक असलेली वायर लावा. म्हार्दोळला एका घरी मी पंख्याच्या कामासाठी गेलो होतो. दिवाणखान्यात मोठा टीव्ही, एचडी बॉक्स, एचडीचं पॅकेज, आणि मधे ती तीनरंगी वायर. एचडीएमआयची वायर बॉक्सच्या खोक्यात प्लास्टिकच्या पिशवीत तशीच. दोन वर्षं! बसवणाऱ्याला टीव्हीमागचा एचडीएमआयचा खड्डा भिंतीला टेकलेला दिसला, टीव्ही ओढायचा कंटाळा आला, म्हणून सोपी वायर लावून तो गेला. घरमालक मला म्हणाले, "म्हाका दिसलें एचडी म्हणल्यार अशेंच आसता." एचडी म्हणजे असंच असतं, असं वाटलं होतं त्यांना.

वायर बरोबर असेल तर चॅनेल तपासा. बॉक्स एचडी झाला म्हणून चॅनेल एचडी होत नाही. झी मराठी, कलर्स मराठी आणि स्टार प्रवाह यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ साली आल्या. त्यांचा नंबर वेगळा असतो आणि पैसेही वेगळे. २०१९ पासून चॅनेल निवडून घ्यायची सोय आहे, तेव्हा सगळं पॅकेज एचडीत घेण्याची गरज नाही. घरात खरोखर बघितले जाणारे तीन-चार घ्या. मालिका साध्यात चालतात हो, माणसं बसून बोलतच असतात. एचडीचे पैसे फुटबॉलसाठी आणि क्रिकेटसाठी मोजा.

जाड बायकांचं औषध रिमोटमध्ये आहे. साधं चित्र चारास तीन या मापाचं, तुमचा टीव्ही सोळास नऊ. बॉक्स ते चित्र दोन्ही बाजूंनी ताणून पडदा भरतो. सेटिंगमध्ये 'आस्पेक्ट रेशो' किंवा 'पिक्चर साइझ' असं काही सापडेल, ते चारास तीन किंवा 'ओरिजिनल' करा. मग दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील आणि घरातलं कोणीतरी पट्ट्यांबद्दल कुरकुर करील. काळ्या पट्ट्या की जाड बायका, हे घरात ठरवा.

एचडीएमआयची वायर लावताना टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे प्लग काढून ठेवा. हे मी माझे पैसे घालवून शिकलो आहे. माझ्याच घरी, माझ्याच हाताने, चालू टीव्हीत वायर खुपसली. घराचं अर्थिंग धड नव्हतं, छपरावरच्या डिशच्या वायरीतून करंट उतरला आणि टीव्हीचा तो पोर्ट गेला. बायको अजून गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगते.

नवा बॉक्स आल्यापासून पावसात जास्त त्रास होतो. पूर्वी चित्र अडखळत का होईना चालायचं. आता जोराची सर आली की थेट 'सिग्नल नाही'. नवं तंत्रज्ञान म्हणे!
— एक मासळी व्यापारी, काणकोण

तुमची तक्रार खरी आहे आणि तिचं कारण कंपनीचा माणूस सहसा सांगत नाही.

कू-बँडच्या लहरी पाण्यात जिरतात. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंच आहे, पण नुकसान होतं ते शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत, ढग आणि पावसाच्या थरात. हे पूर्वीही होत होतं. नवं ते असं की डीव्हीबी-एस२ मध्ये जास्त माहिती कोंबायची, तर त्यातली जी पद्धत एचडीसाठी वापरतात तिला सिग्नल थोडा अधिक सशक्त लागतो. जुन्या बॉक्सला पुरत होता तेवढा सिग्नल नव्याला काठावरचा ठरतो. शिवाय तो काठावरून पडतो तेव्हा अडखळत नाही, धाडकन पडतो.

म्हणून दोष शोधायचा तो डिशवर आणि वायरीत. तुमच्याकडे समुद्र जवळ, खारं वारं. एलएनबीला, म्हणजे डिशच्या दांड्यावर पुढे असतो त्या डोक्याला, वायर जिथे स्क्रूसारखी फिरवून लावतात तो कनेक्टर उघडून बघा. आतली तांब्याची तार हिरवी किंवा काळी पडली असेल तर पुढचं दीड वीत कापून टाका आणि नवा कनेक्टर लावा. दहा-वीस रुपयांचं काम. काळी टेप गुंडाळू नका. टेपच्या आत पाणी शिरतं आणि मग बाहेर येत नाही. सिलिकॉन लावा. वायर एलएनबीकडून येताना थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे पाणी टोकावरून गळून जाईल, कनेक्टरकडे जाणार नाही.

त्यानंतर डिशची दिशा. आपल्या भाग्याने गोव्यातून हे उपग्रह आकाशात चांगले उंच आहेत. ९३.५ अंश पूर्वेचा उपग्रह आग्नेयेला साधारण साठ अंशांवर आहे. त्यामुळे लांबचे माड आड येत नाहीत, जवळचा एखादाच येतो. पण वादळी वाऱ्यात डिश बोटभर जरी फिरली, तरी कोरड्या दिवसांत कळत नाही आणि जूनमध्ये कळतं. बॉक्सच्या मेनूत सिग्नल स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन पट्टे असतात. क्वालिटीचा पट्टा बघायचा. उन्हाच्या दिवशी तो किती असतो, ते कागदावर लिहून डिशवाल्याच्या हातात द्या.

एवढं करूनही सत्तावीस नक्षत्रांतली एखादी सर अशी येईल की काही दिसणार नाही. त्या दहा मिनिटांत चहा घ्यावा.

आणि एक. मार्चच्या मध्याच्या सुमाराला आणि सप्टेंबरच्या अखेरीस-ऑक्टोबरच्या सुरुवातीला, लख्ख ऊन असताना रोज त्याच सुमाराला काही मिनिटं चित्र गेलं तर कोणाला बोलावू नका. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि डिशला सूर्याचाच आवाज ऐकू येतो. दरवर्षी एखादं गिऱ्हाईक त्यासाठी नवा एलएनबी विकत घेतं, आणि आठवड्याने चित्र आपोआप सुधारलं की मला दुवा देतं.

आमचं एकत्र घर. खाली आम्ही, माडीवर धाकटा भाऊ. एका डिशच्या वायरीला दुकानातून आणलेला स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालवतो. नवे बॉक्स आल्यावर एकाने चॅनेल बदलला की दुसऱ्याचा जातो. भाऊ म्हणतो, मी मुद्दाम करतो.
— एक वाचक, केरी, फोंडा

तुम्ही मुद्दाम करत नाही, हे भावाला हा अंक दाखवून सांगा.

बॉक्स एलएनबीला वायरीतूनच हुकूम देतो. तेरा व्होल्ट पाठवले तर एलएनबी उभ्या लहरी घेतो, अठरा पाठवले तर आडव्या. दोन बॉक्स एका वायरीला जोडले की एक तेरा म्हणतो, दुसरा अठरा, आणि जो मोठ्याने बोलेल त्याचं चालतं. पूर्वी भागत होतं, कारण तुम्ही दोघे बघत होता ते चॅनेल बहुधा एकाच बाजूला होते. दोन तोंडांचा एलएनबी बसवा आणि माडीवर वेगळी वायर न्या. दुसऱ्या टीव्हीच्या जोडणीला कंपनीकडून सवलत मिळते का, तेही विचारा. मागितल्याशिवाय ती क्वचितच मिळते.

दूरदर्शनची मोफत डिश आहे. शेजाऱ्याला जास्त चॅनेल दिसतात, मला कमी. दोघांचीही डिश एकाच दिशेला.
— एक बागायतदार, वाळपई

दिशा एकच, कारण उपग्रह एकच, जीसॅट-१५. फरक बॉक्समध्ये. मोफत सेवेत काही चॅनेल एमपेग-२ मध्ये येतात आणि काही एमपेग-४ मध्ये. तुमच्या बॉक्सला दुसरे ऐकूच येत नाहीत. शेजाऱ्याच्या बॉक्सवर एमपेग-४ लिहिलेलं असेल. बाजारात घेताना तो शब्द वाचून घ्या, मासिक भाडं तरीही शून्यच. अगोदर रिमोटवरून एकदा 'ऑटो स्कॅन' करून बघा. डीडी गोवा २०१९ साली या सेवेत आला, त्यानंतरही पुन्हा स्कॅन न केलेली घरं मला भेटली आहेत.

आई ८४ वर्षांची. जुना बॉक्स बदलल्यापासून तिने टीव्ही लावणंच सोडलं. सकाळची भजनं आणि दुपारचा जुना सिनेमा, एवढंच ती बघायची. रिमोट दाखवला की म्हणते, "म्हाका नाका तें."
— एक बँक कर्मचारी, पेडणे

माझ्या आईचंही हेच झालं होतं. नव्या बॉक्सवर चॅनेलचे नंबर बदलतात. तिला चॅनेलची नावं माहीत नसतात, नंबर पाठ असतात, आणि तेच कोणीतरी रात्रीत हलवलेले असतात. शिवाय पूर्वी एका रिमोटने चालायचं, आता टीव्हीचा वेगळा, बॉक्सचा वेगळा. चुकून टीव्हीच्या रिमोटवरचं 'सोर्स' दाबलं गेलं की निळा पडदा, आणि आपल्या हातून काही मोडलं या भीतीने ती बाई पुन्हा हात लावत नाही.

टीव्हीचा रिमोट उचलून कपाटात ठेवा. टीव्ही चालू-बंद करण्यापुरता बॉक्सचा रिमोट शिकवता येतो. बऱ्याच बॉक्सना ही सोय असते, डिशवाल्याकडून करून घ्या. मेनूत 'फेव्हरिट' करून तिचे चार चॅनेल आधी आणा. मग बहिणीचं नाहीतर बायकोचं नेलपॉलिश घ्या. चालू-बंदच्या बटणाला लाल ठिपका, आवाज वाढवायच्या बटणाला एक, आणि चॅनेल पुढे करायच्या बटणाला दोन. बाकीच्या बटणांवर चिकटपट्टी. माझ्या आईने चिकटपट्टी दोन दिवसांत काढली आणि म्हणाली, एवढी बटणं आहेत तर ती कशाला आहेत, ते सांग. मग सगळी सांगत बसावं लागलं. तुम्हीही एक रविवार मोकळा ठेवा.